मेलेली जागा

दुरुस्तीच्या बाजारात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून, दोन हात पसरले की संपेल एवढं एक दुकान होतं. तिथं बसणाऱ्या बाईला सगळे काडीवाल्या ताई म्हणत. व्हिडिओ गेमच्या रिमोटवर अंगठ्यानं फिरवायची जी टोपीवाली दांडी असते, तिला बाजारात काडी म्हणायचे, आणि बिघडायची ती नेहमी काडीच. पडद्यावरचा माणूस आपोआप डावीकडे चालतो, गाडी सरळ जायचं सोडून भिंतीला घासते, बंदूक आकाशाकडे बघत बसते, अशा तक्रारी घेऊन दिवसभर माणसं जिना चढायची. शेजारी मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण होता. तो गिऱ्हाइकांना ओरडून सांगायचा, "या, या, इथं काड्या करून मिळतात!" ताई भिंगातून मान वर न करता म्हणायची, "आणि लावून हव्या असतील तर शेजारी जा."

घरी मात्र तिचं नाव मिस्त्री. ते धाकट्या भावानं ठेवलेलं. ती नऊ वर्षांची आणि तो पाचाचा, तेव्हा मामानं कुणाचातरी वापरून टाकलेला एक खेळ आणून दिला होता. दोन रिमोट. चांगला होता तो बारक्याकडे गेला, कारण तो लहान; दुसऱ्याचं उडी मारायचं बटण रुसलेलं, तो हिच्या वाट्याला, कारण ही समजूतदार. चार दिवस समजूतदारपणा केला आणि पाचव्या दिवशी तिनं आईच्या शिलाई मशीनच्या खणातला स्क्रूड्रायव्हर काढून रिमोट उघडला. आत रबराच्या टिकलीखाली कुणाच्यातरी बिस्किटाचा चुरा होता. तो पुसला, झाकण लावलं, आणि पडद्यावरच्या तिच्या माणसानं टुणकन उडी मारली. बारक्या आ वासून बघत राहिला. "आई, ताई मिस्त्री झाली!" तेव्हापासून ती मिस्त्रीच.

बारक्याही नावापुरताच बारक्या. पुढं घरात सगळ्यांत उंच तोच झाला. पण खेळताना स्वभाव पाच वर्षांच्या पोराचाच राहिला. त्या जुन्या खेळात एक सोय होती. एकाचे जीव संपले की दुसऱ्यानं बटण दाबून आपल्यातला एक जीव त्याला द्यायचा. बारक्याला हा प्रकार अजिबात खपत नसे. मिस्त्रीनं दयेपोटी बटण दाबलं की तो रिमोट खाली ठेवून द्यायचा. "मेलो म्हणजे मेलो. तुझा उसना जीव मला नको."

ती लग्न करून गेली आणि सहा वर्षांनी परत आली, तेव्हा घरात पंधरा दिवस कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. शेवटी बारक्याच म्हणाला, "आयुष्यभर काड्या जोडणाऱ्या बाईचा काडीमोड व्हावा, म्हणजे कमाल आहे." आईनं कपाळाला हात लावला. मिस्त्रीला मात्र असं हसू फुटलं की चहा नाकातून आला.

रविवारी दुपारी दोघं अजूनही खेळायला बसायची. ती चाळिशी ओलांडलेली, तो नकाशे काढायच्या कचेरीत कामाला, आणि समोर तोच तीस-पस्तीस वर्षांचा चपटा खेळ; माणूस डावीकडे जातो, उजवीकडे जातो, उडी मारतो, बस्स. अशाच एका रविवारी बारक्याचा माणूस एकाच खड्ड्यात तीनदा पडला.

"रिमोट बिघडलाय, मिस्त्री."

तिनं तिथल्या तिथं उघडला, काडीचं बूड तपासलं, तारा तपासल्या, बंद केला. "रिमोट ठणठणीत आहे. बिघाड तुझ्यात आहे."

आई हसली, बारक्या हसला, तीही हसली. हेच वाक्य चार महिन्यांनी डॉक्टरांनी जरा लांबवून सांगितलं. नसांचा रोग होता. अंगठ्यापासून सुरू झाला होता, आणि जिथं जिथं मेंदूचा निरोप पोचतो तिथं तिथं एकेक करून जाणार होता. परतीची वाट नव्हती.

मिस्त्री त्या दिवशी दुकानात गेली आणि दिवसभर काड्या बदलत बसली.

काडीचं एक गुपित आहे, ते गिऱ्हाइकांना ती नेहमी सांगायची. काडी कधीच अगदी मध्यावर उभी राहत नाही. नवीकोरी असली तरी केसभर इकडे नाहीतर तिकडे झुकतेच. यंत्राला ते दिसतं. पण त्याला आधीच बजावून ठेवलेलं असतं, की मध्याभोवतीच्या एवढ्या जागेतलं हलणं हलणं समजू नकोस. याला म्हणतात डेड झोन. मिस्त्री म्हणायची, मेलेली जागा. "थोडं दिसूनही न दिसल्यासारखं करायचं, म्हणजे सगळं सरळ चालतं. संसाराचंच आहे."

"ताईंचा अनुभव बोलतोय," कव्हरवाला म्हणायचा.

"नसलेल्या संसाराचा अनुभव जास्त असतो, भाऊ."

आता बारक्याची बोटं जसजशी कमी हलू लागली, तसतशी ती त्याच्या रिमोटमधली मेलेली जागा कमी करत गेली. त्याचं थोडंसं हलणंही यंत्रानं मोजावं म्हणून. त्यानंही भागेना, तेव्हा काडीच्या बुडातली स्प्रिंग काढून मऊ स्प्रिंग घातली. मग तिचे दोन वेढे कापले. अंगठा गेला तेव्हा काडी मनगटाखाली आणली. मनगट गेलं तेव्हा वाकवलेल्या पत्र्याच्या पट्टीवर हनुवटीखाली. हनुवटी गेली तेव्हा डाव्या पायाच्या अंगठ्याशी, पलंगाला शिकंजा लावून. रोग घरातून एकेक खोली रिकामी करत चालला होता, आणि मिस्त्री काडी हातात घेऊन प्रत्येक वेळी पुढच्या खोलीत त्याच्या आधी जाऊन बसायची. लोक म्हणायचे, काय बहीण आहे. तिला स्वतःला वाटायचं, दुसरं काही येत नाही म्हणून हे करतेय.

बोलणं शाबूत होतं तोवर एकदा बारक्या म्हणाला, "मिस्त्री, माझे संपले की तू रिमोट खाली ठेव. जीव द्यायचं बटण दाबू नकोस." जीभ जड झाली होती, त्यामुळं 'बटण' तिला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"गप रे. अजून तीन आहेत तुझे."

"मोज नीट," तो म्हणाला.

पुढं बोलणं गेलं. अशी माणसं डोळ्यांच्या खुणेनं बोलतात म्हणे, पण बारक्याचं सगळंच उलटं. त्याच्या पापण्या आधी पडल्या, मग बुबुळंही जागची हलेनाशी झाली. आई सकाळी पापण्या वर करून कागदी चिकटपट्टीनं धरून ठेवायची, तासातासानं औषधाचे थेंब घालायची, आणि मग तो समोरच्या पडद्याकडे बघत पडून राहायचा. उरला होता तो डाव्या पायाचा अंगठा. तोही नखाच्या जाडीएवढा हलायचा. उजवीकडे म्हणजे हो, डावीकडे म्हणजे नाही, असं ठरलेलं होतं. काडी ढकलली की पडद्यावरचा माणूस त्या बाजूला चालू लागायचा.

तेवढंही जेव्हा काडीला पोचेना, तेव्हा मिस्त्रीनं दोन गोष्टी केल्या. काडीतली उरलीसुरली स्प्रिंगही काढून टाकली. आणि मेलेली जागा शून्यावर आणली. दुकानात तिनं हे कधी कुणाला करून दिलं नसतं. स्प्रिंग असते काडीला घरी परत आणायला, आणि शून्य मेलेली जागा म्हणजे यंत्रानं प्रत्येक गोष्ट मनाला लावून घ्यायची. पण तिनं केलं, आणि माणूस चालला. आईनं पदर डोळ्यांना लावला.

मग श्वास कमी पडू लागला.

डॉक्टर दुपारचे घरी आले. भला माणूस होता. बूट दाराबाहेर काढून आला, पलंगाशी खुर्ची ओढून बसला आणि सगळं बारक्याकडे तोंड करून बोलला. गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागेल. मग यंत्र श्वास देईल, कितीही दिवस. नाही बसवली तर आठवडा, फार तर दोन. त्रास होऊ नये याची काळजी ते घेतील. "यात आईनं किंवा बहिणीनं ठरवायचं नाही. याला सगळं समजतंय. हाच सांगेल."

"सांगेल," मिस्त्री म्हणाली. "यात चूक होत नाही. दर प्रश्नाला मी खेळ नव्यानं सुरू करते, माणूस मधोमध उभा राहतो. जिकडे चालेल ते उत्तर." ती पायाशी गेली, जरा थांबली, मग त्याच्या पावलांवरची दुलई सारखी करून परत पडद्यापाशी आली.

डॉक्टरांनी आधी खात्री करून घेतली. "ऐकू येतंय ना तुला?" माणूस मधोमध उभा राहिला, आणि उजवीकडे चालला. "ही तुझी बहीण ना?" उजवीकडे. "आपण तुझ्याच घरी आहोत ना?" उजवीकडे.

मग त्यांनी विचारलं, "नळी बसवायची?"

उजवीकडे.

"घाई नाही. परत विचारतो." तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा पडद्यावरचा तो चपटा माणूस इमानेइतबारे उजवीकडे चालत गेला. "हो म्हणालं माझं लेकरू," आई म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मिस्त्रीनं कागदावर सही केली. हात जराही कापला नाही. हात न कापणं हेच तर तिचं भांडवल होतं.

त्याला दोन महिने होऊन गेले.

पलंगाशेजारचं यंत्र श्वास घ्यायचं आणि सोडायचं, आणि घरातलं बोलणं आपोआप त्या दोन आवाजांच्या मधल्या जागेत बसू लागलं होतं. आई सकाळी त्याचं अंग पुसायची, पापण्या वर करायची, काडी अंगठ्याशी लावायची आणि खेळ सुरू करायची. माणूस उजवीकडे चालायचा, खड्ड्यात पडायचा, पुन्हा उभा राहायचा, पुन्हा उजवीकडे. आईनं त्याच्या चालण्यातून अख्खं पंचांग तयार केलं होतं. "आज लवकर निघालीय बघ स्वारी." "आज कशावर तरी रागावलाय, भिंतीला धडका देतोय नुसता." कांदा चिरता चिरता ती त्याच्याशी बोलायची, गल्लीतल्या बातम्या सांगायची, आणि माणूस खड्ड्यात पडला की म्हणायची, "पडलास? पड. लहानपणीही ऐकायचा नाहीस."

मिस्त्री संध्याकाळी येऊन शेजारी बसायची. दुसरा रिमोट खणात होता. तो तिनं बाहेर काढला नव्हता. का, ते तिनं स्वतःला विचारलंही नव्हतं.

आणि एका मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, कॉलेजात जाणारी एक मुलगी जिना चढून आली. पाठीवरच्या पिशवीतून रिमोट काढून तिनं काचेवर ठेवला.

"ताई, याला भूतबाधा झालीय."

"भूत नाही गं, काडी झिजलीय. काय करतो?"

"आपोआप चालतो. मी पाणी प्यायला गेले, परत येऊन बघते तर माझा माणूस अर्ध्या गावात फिरून आलेला. धाकटा भाऊ म्हणतो, तूच खेळत होतीस."

"हात काढून बघितलंस?" मिस्त्रीनं विचारलं. हा तिचा पहिला प्रश्न असायचा, वीस वर्षं. रिमोट टेबलावर ठेवायचा, हात काढायचा आणि बघायचं. या धंद्यातली सगळ्यांत पहिली आणि सगळ्यांत साधी तपासणी.

"काढला ना. हात काढला तरी चालतोच."

"मग कुणी खेळत नाहीये. काडी खेळतेय. पडद्यावर चाललंय म्हणजे कुणी चालवतंय असं नस..."

ते वाक्य तिनं हजारदा म्हटलं असेल. या वेळी ते अर्ध्यातच अडलं. मुलगी वाट बघत उभी राहिली. मिस्त्रीनं हातातला चिमटा खाली ठेवला, भिंगाचा दिवा बंद केला, आणि उभी राहिली.

"उद्या ये बाळ. उद्या करून देते."

शटर अर्धं खाली आलेलं बघून कव्हरवाला बाहेर आला. "ताई, भरदुपारी? कुणी गेलं की काय?"

"तेच बघायला चाललेय," ती म्हणाली.

घरी आई गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. खोलीत यंत्राचा आवाज आणि पडद्यावर चालणारा माणूस. मिस्त्री पायाशी गेली. दुलई बाजूला केली. बारक्याची टाच तळहातावर घेऊन तिनं पाऊल अलगद उचललं, काडीपासून वीतभर दूर धरलं, आणि मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

माणूस चालत होता.

खड्ड्यात पडला. उभा राहिला. उजवीकडे चालू लागला.

पाऊल तसंच धरून तिनं काडीकडे पाहिलं. काडी उजवीकडे कलून पडली होती. स्प्रिंगच नव्हती, तिला घरी आणणार कोण? एकदा कलली ती कललीच, आणि मेलेली जागा शून्य, त्यामुळं यंत्र बिचारं ते कलणं खरं मानून चालत राहिलं होतं.

आणि मग तिला ती दुपार आठवली. आठवली म्हणजे काय, विसरली कधीच नव्हती. डॉक्टर खुर्चीवर, आई दाराशी, आणि ती पायाशी गेली होती ती हीच तपासणी करायला. हात पुढं झाला होता. पाऊल उचलायचं, काडी मोकळी करायची, बघायचं. एवढंच. आणि तेवढ्यात तिला वाटलं होतं, समजा हात काढून बघितलं आणि... त्या समजाच्या पुढं ती गेली नाही. पुढं झालेला हात रिकामा परत कसा न्यायचा म्हणून तिनं दुलई सारखी केली. डावीकडून ओढून उजवीकडे खोचली. ती जाड दुलई बारक्याच्या बोटांवरून आणि काडीवरून उजवीकडे ताणली गेली. हो म्हणाली होती ती दुलई.

डॉक्टरांचे प्रश्न तिनं मनात पुन्हा एकदा मांडले. ऐकू येतंय ना. बहीण ना. तुझंच घर ना. ज्याचं उत्तर नाही असेल, असा एकही प्रश्न कुणी विचारला नव्हता. भल्या माणसांना तसले प्रश्न सुचत नाहीत. पण तिला सुचायला हवा होता. तिचा धंदा होता तो.

तिनं खेळ बंद केला. शिकंजा सैल करून काडी पलंगापासून काढून टाकली. तिच्या पिशवीत दुकानातले सुटे भाग आणि कव्हरवाल्याकडची काही फाटकी कव्हरं पडलेली असायची. एका पाकिटासारख्या कव्हराच्या झाकणातलं चुंबक तिनं उकरून काढलं, हरभऱ्याच्या डाळीएवढं, आणि आईच्या कागदी चिकटपट्टीनं बारक्याच्या अंगठ्याच्या नखावर चिकटवलं. शेजारी, बोटाला कुठंही न लागता, समोरचं चुंबक डावीकडे किंवा उजवीकडे सरकलं की आकडा बदलणारा तिच्या दुकानातला एक चिमुकला तुकडा बसवला. आता मध्ये काडी नव्हती. घासायला काही नव्हतं, कलून पडायला काही नव्हतं. पडद्यावर माणसाऐवजी फक्त एक आकडा. पाचशे बारा म्हणजे मध्य; वाढला तर उजवीकडे, घटला तर डावीकडे.

आधी तिनं पाऊल उचलून दूर धरलं. पाचशे बारा. हलेना. मग पाऊल जागेवर ठेवलं. पाचशे बारा, तेरा, बारा. तेरा, बारा. यंत्राच्या श्वासाबरोबर अख्खं अंग एवढंसं हलत होतं. तेवढं तिनं सोडून द्यायचं ठरवलं. एका आकड्याची मेलेली जागा. त्याच्या बाहेर जे जाईल ते बारक्याचं.

ती त्याच्या डोळ्यांपुढं जाऊन उभी राहिली. "बारक्या, मी तुझी धाकटी बहीण ना?"

यंत्रानं श्वास घेतला, सोडला. घेतला, सोडला. पाचशे बारा. तिला वाटलं, गेला. आत कुणी नाही. आणि खरं सांगायचं तर एक क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं.

पाचशे दहा. पाचशे सात.

आणि परत पाचशे बारा.

काडी कलली की कललेलीच राहते. माणूस ढकलतो, आणि दमून सोडतो.

"थोरली?"

पाचशे सोळा. पाचशे बारा.

म्हणजे तो होता. दोन महिने आत होता. चिकटपट्टीनं उघड्या ठेवलेल्या डोळ्यांनी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत समोर बघत होता, आणि पडद्यावर त्याच्या नावानं दुसरंच काहीतरी चालत होतं, आई त्याचं कौतुक करत होती, आणि याचा अंगठा डावीकडे ढकलत असेल तर ते एका कललेल्या काडीला कळतही नव्हतं.

मिस्त्रीनं पलंगाची कड धरली. "त्या दिवशी नळीला हो म्हणालास, तो तू होतास?"

पाचशे सात. पाचशे बारा.

तिनं काही विचारलं नाही, तरी आकडा पुन्हा घसरला. पाचशे सहा. बारा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, पाचशे नऊ, जेमतेम, आणि परत.

"कळलं," ती म्हणाली. "कळलं रे. पुरे. दमशील."

जिन्यावर आईच्या चपला वाजल्या. आई रिकामी बादली घेऊन आत आली, पडद्याकडे बघून थबकली.

"थांबला का गं? कुठं गेला माझा माणूस? आणि तू या वेळेला घरी कशी?"

"आई, बस जरा."

"बसते कशाला, आधी ते लाव. सकाळी चांगला चालत होता."

"तो चालत नव्हता."

आईनं बादली खाली ठेवली. मिस्त्रीनं सांगितलं. काडी दाखवली, तळहातावर घेऊन; कशी उभीच राहत नाही, कशी उजवीकडे पडते. दुलई सांगितली. हात पुढं झाला होता तेही सांगितलं. घरात आजवर तिनं कुठलीही वस्तू उघडून दाखवली की आई "मला मेलीला काय कळतंय त्यातलं" म्हणून उठून जायची. आज ती उठली नाही.

"मग इतके दिवस कोण चालत होतं?" आईनं विचारलं.

"कुणी नाही. काडी."

"काल मी त्याला शेजारणीची गंमत सांगितली, तर कसा धावत सुटला होता."

"आई."

"तू म्हणाली होतीस, यात चूक होत नाही."

"म्हणाले होते."

"तुला तेव्हा कळलं होतं?"

मिस्त्री काडीकडे बघत राहिली. "कळून घेतलं नाही मी. घेतलं असतं तर कळलं असतं."

यंत्राचे पाचसात श्वास तसेच गेले. मिस्त्रीला वाटलं आता आई ओरडेल, किंवा एक ठेवून देईल; तशी तिनं मनाची तयारीही केली, आणि ते झालं असतं तर बरंच झालं असतं. पण आईनं पदरानं चष्मा पुसला, तो डोळ्यांवर नीट बसवला आणि पडद्याजवळ खुर्ची ओढली.

"मला शिकव. कुठं बघायचं?"

"हा आकडा. पाचशे बारा. एकानं इकडेतिकडे झाला तर ते यंत्र. चार-पाचानं वाढला तर हो, घटला तर नाही. पण परत आला पाहिजे. जातो आणि तिथंच राहतो ती वस्तू. जातो आणि परत येतो तो आपला."

आई मनातल्या मनात ओठ हलवत ते घोकत राहिली, शाळेतल्या पोरीसारखी. मग पडद्याकडे पाठ न करता, तिरकी होऊन, एक हात मुलाच्या नडगीवर ठेवून बसली.

"आई, पायाला नको. हात लागला की आकडा हलतो."

आईनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

"बाळा," ती म्हणाली. एरवी बातम्या सांगायचा तोच आवाज. "दमलास का रे?"

पाचशे बारा. तेरा. बारा.

पाचशे सतरा.

"गेला," आई पुटपुटली. मग, "आला. परत आला."

"हो म्हणतोय," मिस्त्री म्हणाली.

"दिसतंय मला." आई थांबली. पुढचा प्रश्न तिच्या तोंडात होता, तो दोघींनाही ठाऊक होता, आणि पलंगावरच्या तिसऱ्यालाही. "हे यंत्र... नको झालंय का तुला?"

या वेळी वाट बघावी लागली नाही. प्रश्न संपायच्या आत आकडा पाचशे वीसवर गेला. इतका वर तो दिवसभरात गेला नव्हता. तिथं थरथरत राहिला. आई पुढं झुकली, खुर्चीच्या दांडीला धरून, आणि तिचे ओठ नुसते हलत होते, ये, ये, ये परत.

पाचशे अठरा. पंधरा. बारा.

"आला," आई म्हणाली.

तिनं चष्मा काढला. मग उठली, पलंगाच्या पायथ्याशी गेली, तिथं ढीग होऊन पडलेली दुलई दोन्ही हातांनी उचलली, घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि कपाटाच्या वर, आपल्याही हाताला सहज येणार नाही इतकी लांब सारली.

"डॉक्टरांना बोलव," ती म्हणाली. "आजच. त्यांच्यासमोर पुन्हा विचारू. आणि या वेळी प्रश्न मी विचारणार. उलटेसुलटे सगळे."

"बरं."

"तू इथं भिंतीला उभं राहायचं. कशालाही हात लावायचा नाही."